सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व-लाभासाठी न्यायाधीशांसमोरची सुनावणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माणसाला आजारपणामुळे काम सोडावे लागले, त्याने सोशल सिक्युरिटी या केंद्र सरकारच्या सामाजिक सुरक्षा यंत्रणेकडे अपंगत्वाच्या लाभासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला आणि फेरविचारातही नकारच आला, अशा अवस्थेत सापडलेल्या मराठी कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. घरातल्या एका सुनावणीची तयारी करताना आणि पुढे ओळखीच्या काही कुटुंबांना कागद लावून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, तेच येथे घेतले आहेत. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून ती वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

ही सुनावणी म्हणजे कोर्टातला खटला असतो का?

नाही. ‘न्यायाधीश’ हा शब्द वाचून अनेकांच्या डोळ्यांपुढे आरोपीचा पिंजरा आणि उलटतपासणी घेणारा सरकारी वकील उभा राहतो, आणि त्या धास्तीने काही जण सुनावणीच मागत नाहीत. प्रत्यक्षात हे न्यायाधीश सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्याच सुनावणी विभागात काम करतात आणि त्यांना ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जज’ म्हणतात. समोर सरकारच्या बाजूने भांडणारा कोणीही वकील नसतो. लहानशा बैठकीच्या खोलीत, किंवा फोनवर अथवा व्हिडिओवर, न्यायाधीश, ध्वनिमुद्रण करणारी व्यक्ती, अर्जदार, त्याचा प्रतिनिधी, असल्यास दुभाषी, आणि बहुतेक वेळा रोजगारविषयक एक तज्ज्ञ एवढेच लोक असतात. बाहेरच्या प्रेक्षकांना तेथे प्रवेश नसतो. अर्जदाराला शपथ दिली जाते आणि साधारण अर्ध्या ते एका तासात कामकाज आटोपते.

महत्त्वाची गोष्ट ही की न्यायाधीश संपूर्ण प्रकरण नव्याने तपासतात. आधीच्या दोन नकारांचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नसते. आधीच्या पातळ्यांवर निर्णय घेणाऱ्यांनी अर्जदाराला बहुधा पाहिलेलेही नसते. त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकले जाण्याची पहिली, आणि बरेचदा एकमेव, वेळ ही असते.

सुनावणी मागण्याची मुदत किती असते?

फेरविचाराचा नकार मिळाल्यापासून ६० दिवस. पत्र त्यावरील तारखेनंतर ५ दिवसांत मिळाले असे गृहीत धरले जाते, म्हणून व्यवहारात पत्रावरील तारखेपासून ६५ दिवस मिळतात. अर्ज एचए-५०१ या फॉर्मवर किंवा ऑनलाइन करता येतो. मुदत हुकली तर उशिराचे सबळ कारण लेखी द्यावे लागते. गंभीर आजारपण, रुग्णालयात भरती होणे किंवा पत्रच न मिळणे अशी कारणे विचारात घेतली जातात, पण ती मान्य होतीलच असे धरून चालू नये. काही कुटुंबे या काळात भारतात गेलेली असतात आणि पत्र टपालपेटीत पडून राहते. अशा वेळी शेजाऱ्याला किंवा मुलांना पेटी उघडून पाहायला अवश्य सांगून जावे.

आमचा अर्ज एसएसडीआयचा आहे की एसएसआयचा? त्याने काय फरक पडतो?

एसएसडीआय (सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स) हा विमा आहे. पगारातून दरवेळी ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी कर कापला जातो आणि तेवढाच कर मालकही भरतो. त्यातूनच या विम्याची तरतूद होते. म्हणून ‘सरकारपुढे हात कशाला पसरायचा’ हा जो संकोच आपल्या लोकांत फार खोलवर असतो, त्याला येथे आधार नाही. ज्या विम्याचा हप्ता स्वतः भरला आहे, त्याचीच ही मागणी आहे. वर्षाला जास्तीत जास्त ४ याप्रमाणे कामाची ‘क्रेडिट्स’ मिळतात आणि सर्वसाधारणपणे एकूण ४० क्रेडिट्स, त्यांपैकी २० शेवटच्या १० वर्षांतली, असावी लागतात. कमी वयात अपंगत्व आल्यास कमी क्रेडिट्स पुरतात. एच-१बी व्हिसावर केलेल्या कामाचीही क्रेडिट्स मिळतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेची कामे जोडून घेणारा करार नसल्यामुळे पुण्यात किंवा मुंबईत केलेली नोकरी मात्र येथे मोजली जात नाही.

काम थांबल्यावर हा विमा कायम राहत नाही. तो ज्या दिवशी संपतो त्याला ‘डेट लास्ट इन्शुअर्ड’ म्हणतात आणि सलग नोकरी केलेल्या माणसाच्या बाबतीत ती तारीख काम सुटल्यानंतर साधारण पाच वर्षांनी येते. त्या तारखेपूर्वी अपंगत्व सुरू झाले होते हे सिद्ध करावे लागते. आज प्रकृती कितीही खालावलेली असली, तरी त्या तारखेच्या आधीचे कागद नसतील तर न्यायाधीशांचे हात बांधलेले असतात. म्हणून फाइल हातात आली की सर्वांत आधी ही तारीख शोधावी आणि घरात सर्वांना दिसेल अशी लिहून ठेवावी.

एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम) ही गरजेवर आधारलेली मदत आहे. तिला कामाची क्रेडिट्स लागत नाहीत, पण एका व्यक्तीची मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरपेक्षा आणि जोडप्याची ३,००० डॉलरपेक्षा अधिक असून चालत नाही. जे अमेरिकेचे नागरिक नाहीत त्यांच्यासाठी १९९६ च्या कायद्यापासून एसएसआयच्या अटी फार कडक झाल्या आहेत. मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेल्या आईवडिलांच्या बाबतीत तर मुलांचे उत्पन्नही हिशेबात धरले जाऊ शकते, आणि या मदतीचा इमिग्रेशनच्या अर्जावर परिणाम होऊ शकतो, म्हणून अशा कुटुंबांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे.

न्यायाधीश नेमके काय ठरवतात?

पाच पायऱ्यांनी विचार केला जातो. पहिली पायरी : अर्जदार सध्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमावतो का? २०२५ साली ही मर्यादा महिन्याला १,६२० डॉलर आणि अंध व्यक्तींसाठी २,७०० डॉलर होती; ती दरवर्षी बदलते. दुसरी : आजार कामात खरोखर अडथळा आणणारा आहे का, आणि तो किमान १२ महिने टिकलेला किंवा टिकेल असा आहे का? तिसरी : सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या अधिकृत यादीतील निकष तो तंतोतंत पूर्ण करतो का? करत असेल तर पुढे जावे लागत नाही, पण ते निकष कठोर आहेत आणि बहुतेक प्रकरणे येथे सुटत नाहीत.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये खरा निर्णय होतो. ‘एवढे सगळे असूनही या माणसात काम करण्याची किती शक्ती उरली आहे?’ याचे मोजमाप न्यायाधीश तेथे करतात. दिवसातून किती तास बसता येते, किती तास उभे राहता येते, किती पौंड उचलता येतात, हाताची बोटे किती वेळ चालतात, लक्ष किती वेळ टिकते, महिन्यातून किती दिवस अंथरुणातून उठवत नाही, अशा मापांत ते लिहिले जाते. चौथ्या पायरीवर त्या उरलेल्या शक्तीने पूर्वीचे काम जमेल का हे पाहिले जाते. २२ जून २०२४ पासून यासाठी मागील १५ ऐवजी फक्त ५ वर्षांतली कामे धरली जातात. पाचव्या पायरीवर देशात उपलब्ध असलेले दुसरे कोणते काम जमेल का, याचा विचार वय, शिक्षण आणि कौशल्य लक्षात घेऊन होतो.

वयाचे टप्पे येथे फार परिणाम करतात. पन्नाशी ओलांडलेल्या आणि त्याहून अधिक पंचावन्न पूर्ण केलेल्या अर्जदाराला नियम सैल होतात, कारण त्या वयात नवे काम शिकणे अवघड मानले जाते. इंग्रजी न येणे हा पूर्वी या पायरीवर अर्जदाराच्या बाजूचा मुद्दा असे. २७ एप्रिल २०२० पासून तो वेगळा गट म्हणून मोजला जात नाही, आणि जुनी माहिती वाचून त्यावर विसंबणारे अजूनही भेटतात.

माझे काम सॉफ्टवेअरचे, म्हणजे खुर्चीवर बसूनच होते. मग पाठीच्या आजारावर अपंगत्व मिळू शकते का?

मिळू शकते, पण वाट अवघड आहे हे आधीच समजून घ्यावे. ज्याने गोदामात ओझी उचलली, त्याला ‘आता ओझे उचलता येत नाही’ एवढे दाखवल्यावर निदान पूर्वीचे काम बाद करता येते. बसून काम करणाऱ्याला मात्र बसून करायचे कामही जमत नाही, असे दाखवावे लागते. सोशल सिक्युरिटीच्या व्याख्येत बैठे काम म्हणजे आठ तासांपैकी सुमारे ६ तास बसणे, सुमारे २ तास उभे राहणे किंवा चालणे आणि जास्तीत जास्त १० पौंड उचलणे. म्हणून एका बैठकीत किती मिनिटे बसवते, त्यानंतर आडवे व्हावे लागते का, मान खाली घालून पडद्याकडे किती वेळ पाहता येते, टंकलेखन करताना हाताला मुंग्या कधी येतात, आणि वेदनेच्या गोळ्यांनी डोके इतके जड होते का की कोडमधली चूकही दिसेनाशी होते, हे सर्व नोंदींमध्ये आले पाहिजे. कौशल्याच्या कामात एकाग्रता जाणे हे कंबर जाण्याइतकेच निर्णायक असते आणि नेमका हाच भाग फाइलमध्ये कोरा राहतो.

कोणते वैद्यकीय कागद द्यावेत आणि कधीपर्यंत?

सुनावणीची नोटीस किमान ७५ दिवस आधी मिळते. लेखी पुरावा सुनावणीच्या किमान ५ कामकाजाच्या दिवसांपूर्वी द्यावा लागतो, किंवा तो येणे बाकी आहे असे तेवढ्याच मुदतीत लेखी कळवावे लागते. रुग्णालयाकडे वेळेवर मागणी करूनही कागद आले नाहीत, असे दाखवता आले तर नंतर आलेले कागदही घेतले जातात. म्हणून मागणीच्या प्रत्येक पत्राची प्रत आणि तारीख जपून ठेवावी. आपल्या सोयीचे तेवढेच कागद निवडून देता येत नाहीत. आजाराशी संबंधित सर्व पुरावा, प्रतिकूल असला तरी, कळवणे बंधनकारक आहे.

सुनावणीपूर्वी आपली संपूर्ण फाइल पाहण्याचा हक्क अर्जदाराला आहे आणि तो जरूर बजावावा. त्यात वैद्यकीय नोंदी ‘एफ’ विभागात असतात. कोणते डॉक्टर, कोणती तपासणी, कोणता कालखंड राहून गेला आहे, हे त्या यादीवरून अर्ध्या तासात समजते.

भारतातील रुग्णालयांचे कागदही पुरावा म्हणून देता येतात आणि आजार केव्हा सुरू झाला हे दाखवायला ते फार उपयोगी पडतात; मराठीत लिहिलेला कागद असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे. आयुर्वेदिक वैद्यांचे उपचार घेतले असतील तर ते लपवू नयेत, मात्र केवळ त्यांच्या चिठ्ठीवरून आजार सिद्ध होत नाही. निदान नियमांत मान्य असलेल्या परवानाधारक डॉक्टरांकडूनच आलेले असावे लागते.

उपचारांत मोठा खंड पडला असेल तर त्याचे कारण विचारले जाणार. विमा संपला होता, पैसे नव्हते, औषधाने त्रास झाला, ही कारणे न्यायाधीशांना विचारात घ्यावी लागतात, पण ती आपण सांगितली तरच त्यांना कळतात.

डॉक्टरांनी ‘हे पूर्णपणे अपंग आहेत’ असे पत्र दिले आहे. ते पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. अपंग कोण, हे ठरवण्याचा अधिकार सोशल सिक्युरिटीचा आहे, त्यामुळे असे एका ओळीचे मत न्यायाधीशांना उपयोगी पडत नाही. २७ मार्च २०१७ पासून केलेल्या अर्जांमध्ये ‘नेहमीच्या डॉक्टरांचे मत’ म्हणून त्याला वेगळे वजनही दिले जात नाही. त्या मताला स्वतः डॉक्टरांच्या तपासण्यांचा आधार किती आहे आणि ते बाकीच्या नोंदींशी किती जुळते, या दोन कसोट्या सर्वांत महत्त्वाच्या मानल्या जातात. डॉक्टरांकडे एक-दोन पानांचा प्रश्नतक्ता घेऊन जावे : किती वेळ बसता येईल, किती वेळ उभे राहता येईल, किती वजन उचलता येईल, कामाच्या वेळेत किती वेळ आडवे व्हावे लागेल, महिन्यातून किती दिवस गैरहजेरी होईल, आणि प्रत्येक उत्तरामागे कोणती तपासणी आहे. डॉक्टरांना वेळ नसतो, हे खरे आहे. म्हणूनच हे काम सुनावणीच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नये.

‘बरं आहे’ म्हटल्याने खरोखर नुकसान होते का?

होते, आणि आपल्या लोकांचे फार होते. डॉक्टरांनी आत येताच ‘कसे आहात?’ विचारले की आपण सवयीने ‘फाइन’ म्हणतो. पाहुण्यासमोर रडगाणे गाऊ नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पण तो शब्द नोंदीत जातो, ‘रुग्ण ठीक असल्याचे सांगतो’ असे वाक्य होते आणि दोन वर्षांनी तेच वाक्य नकाराच्या निकालपत्रात उद्धृत केलेले आढळते. आमच्या घरातील फाइलमध्ये असे वाक्य सात ठिकाणी होते आणि त्यांपैकी एकही भेट त्रास नसलेल्या दिवसाची नव्हती. पुढच्या प्रत्येक भेटीत मागच्या भेटीपासून काय झाले, ते मोजक्या शब्दांत आणि खरे सांगावे. शक्य असल्यास कागदावर लिहून न्यावे आणि तो कागद नोंदीत ठेवायला सांगावे.

वकील करावा का? त्याला पैसे कोठून द्यायचे?

करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक प्रतिनिधी निकाल अनुकूल लागला तरच शुल्क घेतात. नेहमीच्या करारात ते शुल्क थकबाकीच्या, म्हणजे मागील काळाच्या एकदम मिळणाऱ्या लाभाच्या, २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढे असते. ही कमाल मर्यादा ३० नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. सोशल सिक्युरिटी ही रक्कम सहसा थकबाकीतून परस्पर कापून देते. कागद मिळवण्याचा खर्च वेगळा असू शकतो, तो आधी विचारावा. नेमणुकीसाठी एसएसए-१६९६ हा फॉर्म असतो. ज्यांचे उत्पन्न फार कमी आहे त्यांनी आपल्या राज्यातील मोफत विधी-सेवा केंद्राकडेही विचारणा करावी. वकील मिळाला तरी स्वतः फाइल वाचण्याचे काम त्याच्यावर सोडू नये, कारण आपल्या आजाराचा इतिहास आपल्याइतका कोणालाच ठाऊक नसतो.

मला इंग्रजी कामापुरते येते. दुभाषी मागावा का? मुलगा दुभाषी म्हणून चालेल का?

मराठीत सांगणे सोपे जात असेल तर दुभाषी मागावाच. तो सोशल सिक्युरिटीकडून विनामूल्य मिळतो. मागणी लवकर आणि लेखी करावी, आणि ‘मराठी’ असे स्पष्ट नमूद करावे, नाहीतर हिंदीचा दुभाषी येण्याची शक्यता असते. घरच्या माणसाला दुभाषी करू नये. मुलगा प्रेमापोटी वाक्ये सावरून घेतो, दोन जास्तीचे शब्द घालतो, आणि वडीलही मुलासमोर शौचाच्या किंवा मनाच्या त्रासाबद्दल मोकळेपणाने बोलत नाहीत.

आपली भाषा आजाराच्या बाबतीत समृद्ध आहे आणि म्हणूनच दुभाष्याची परीक्षा पाहणारी आहे. ‘पित्त झाले’ म्हणताना कोणाला छातीतली जळजळ म्हणायची असते, तर कोणाला दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायला लावणारी अर्धशिशी. ‘कंबर धरली’, ‘जीव घाबरा होतो’, ‘हातपाय गळतात’, ‘डोक्यात काही शिरत नाही’, ‘बीपी लो झाले’ या प्रत्येकाचा अर्थ माणसागणिक बदलतो. म्हणून असा शब्द वापरल्यावर लगेच शरीरात काय होते ते सांगावे : कोठे, किती वेळ, त्यानंतर काय करता येत नाही. शिवाय आपण बोलताना कर्ता गाळतो. ‘स्वयंपाक होतो, भांडी होतात’ असे सांगणाऱ्या बाईंच्या घरी ही कामे सून करत असते, पण भाषांतरात ती ‘मी स्वयंपाक करते’ अशी जाऊ शकतात. कोण करते, हे नाव घेऊन सांगावे. वाक्ये लहान ठेवावीत, भाषांतर पुरे होऊ द्यावे, आणि ते चुकले असे कळण्याइतके इंग्रजी येत असेल तर तेथल्या तेथे नम्रपणे सांगावे.

सुनावणी फोनवर, व्हिडिओवर की समक्ष घ्यावी?

नोटिशीत पद्धत दिलेली असते आणि ती नको असल्यास नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत हरकत घ्यावी लागते. उठता-बसताना होणारा त्रास, थरथरणारा हात, चालण्यातला फरक ज्यांच्या आजारात डोळ्यांना दिसतो, त्यांनी शक्य तर समक्ष किंवा व्हिडिओवर हजर राहावे असे मला वाटते; फोनवर यातले काहीच पोहोचत नाही. सुनावणीसाठी एका बाजूने ७५ मैलांहून अधिक प्रवास करावा लागल्यास प्रवासखर्चाची भरपाई मागता येते.

न्यायाधीश काय विचारतात आणि उत्तरे कशी द्यावीत?

शिक्षण, मागील नोकऱ्या, त्यांत उचलावे लागणारे वजन, काम का सुटले, कोणते उपचार चालू आहेत, औषधांचे दुष्परिणाम काय आणि दिवस कसा जातो, हे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. त्यांतला ‘दिवस कसा जातो’ हा प्रश्न साधा वाटतो, पण अनेक प्रकरणे त्यावरच जिंकली किंवा हरली जातात.

‘फार दुखते’, ‘काहीच करता येत नाही’ अशी उत्तरे देऊ नयेत. पहिल्यातून न्यायाधीशांना लिहिण्याजोगे काही मिळत नाही आणि दुसरे सहसा खरे नसते, कारण फाइलमध्ये कोठेतरी ‘किराणा आणायला गेलो’ असे लिहिलेले असतेच. त्याऐवजी मापाने बोलावे : “मी वीस मिनिटे बसू शकतो, मग उठून पाच मिनिटे फिरावे लागते, असे दोन-तीनदा झाले की पाऊण तास पाठ टेकावीच लागते.” किराणा आणत असाल तर तेही सांगावे, आणि मग किती वेळ, गाडीला टेकून किती वेळा थांबावे लागते, पिशव्या कोण उचलते, दुसऱ्या दिवशी काय होते, हेही सांगावे. बऱ्या दिवसांचे आणि वाईट दिवसांचे प्रमाण सांगावे. ज्या दिवशी सुनावणी असते तो बरा दिवस असला तर तसे सांगायला संकोचू नये.

पूजा, हरिपाठ, मंडळाचा गणेशोत्सव याबद्दलही विचारले जाऊ शकते. आधी तास-दीड तास मांडी घालून पूजेला बसणारा माणूस आता खुर्चीवर बसून दहा मिनिटांत आटोपतो, हे सांगणे म्हणजे देवाधर्माचा बाऊ करणे नव्हे. आयुष्यातून काय गेले, ते त्यातून इतके नेमके कळते की एखाद्या एमआरआयच्या अहवालातूनही कळणार नाही.

तयारीसाठी महिनाभर रोज चार ओळींची रोजनिशी लिहावी : झोप, किती वेळ आडवे पडावे लागले, कोणते काम अर्धवट राहिले, कोणाची मदत घेतली. उत्तरे पाठ करू नयेत. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे, आणि खोटे तर चुकूनही बोलू नये. ती शपथेवरची साक्ष असते. बसवेनासे झाले तर परवानगी मागून उभे राहावे. ते उद्धटपणाचे मानले जात नाही.

मनाचे आजार असतील तर ते शेवटी, उठता उठता सांगायची गोष्ट समजू नये. नैराश्य, भीतीचे झटके, स्मरणशक्ती यांचे उपचार आणि परिणाम शारीरिक आजाराबरोबरच मोजले जातात, कारण सर्व आजारांचा एकत्रित परिणाम पाहणे न्यायाधीशांवर बंधनकारक आहे.

मी मधल्या काळात भारतात जाऊन आलो. त्याचा त्रास होईल का?

प्रश्न विचारला जाण्याची तयारी ठेवावी. ‘वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही, तर इतक्या तासांच्या विमानप्रवासात कसे बसलात?’ हा रास्त प्रश्न आहे. आईच्या अखेरच्या आजारपणात गेलो, चाकाच्या खुर्चीची सोय घेतली, विमानात दर थोड्या वेळाने उठून मागे उभा राहत होतो, पोहोचल्यावर चार दिवस अंथरुणात होतो, असे जे खरे असेल ते तपशिलाने सांगावे. तिकिटावरची चाकाच्या खुर्चीची नोंद जपून ठेवावी. तेथे उपचार घेतले असतील तर ते कागद फाइलमध्ये लावावेत. ज्यांना एसएसआय मिळते त्यांनी हेही लक्षात ठेवावे की सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिल्यास ती मदत थांबते.

रोजगारविषयक तज्ज्ञ कशासाठी असतो?

न्यायाधीश त्याच्यापुढे एक काल्पनिक माणूस उभा करतात : अर्जदाराच्याच वयाचा, शिक्षणाचा, अनुभवाचा, आणि अमुक अमुक मर्यादा असलेला. असा माणूस पूर्वीचे काम करू शकेल का, दुसरे कोणते काम करू शकेल आणि देशात तशी किती कामे आहेत, हे तज्ज्ञ सांगतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून खचू नये, कारण न्यायाधीश बहुधा मर्यादा वाढवत एकापाठोपाठ एक प्रश्न विचारतात आणि त्यांतला कोणता माणूस म्हणजे आपण, हे ते नंतर निकालपत्रात ठरवतात. अर्जदाराला किंवा त्याच्या वकिलालाही प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. तो माणूस महिन्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राहिला, किंवा ठरलेल्या सुट्यांव्यतिरिक्त रोज तासभर आडवा झाला, तर नोकरी टिकेल का, हा प्रश्न अवश्य विचारला जावा. तज्ज्ञाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते, आणि तेव्हाच डॉक्टरांनी भरलेल्या त्या प्रश्नतक्त्याचे मोल कळते.

घरच्यांना साक्ष देता येते का?

येते. समक्ष बोलता येते किंवा पत्र देता येते. पत्नीने ‘हे फार सोसतात’ असे लिहिण्यापेक्षा ‘सकाळी मोजे मी घालून देते, रात्री दोनदा उठून यांना बसते करते’ असे डोळ्यांनी पाहिलेले लिहावे.

घरातली शिल्लक संपली आहे. सुनावणी लवकर मिळू शकते का?

अन्न, निवारा किंवा औषध यांची सोय उरली नसेल तर ‘तातडीची गरज’ म्हणून प्रकरण पुढे घेण्याची विनंती करता येते. घर खाली करण्याची नोटीस, वीज तोडण्याचे पत्र असे कागद जोडावेत. आजार जीवघेणा असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील तरीही प्रकरण तातडीचे धरले जाते, आणि तसे असेल तर सुनावणीची वाट न पाहता ९८८ या मानसिक संकटातील मदतीच्या क्रमांकावर आजच फोन करावा. पुरावा आधीच भक्कम असेल, तर सुनावणी न घेता कागदांवरूनच अनुकूल निर्णय द्यावा अशी लेखी विनंतीही वकिलाला करता येते.

सुनावणीला हजर राहता आले नाही तर?

सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास प्रकरण फेटाळले जाऊ शकते. अडचण दिसताच सुनावणी कार्यालयाला फोन करावा आणि लेखीही कळवावे.

निकाल केव्हा लागतो आणि अनुकूल लागल्यास काय मिळते?

निकाल बहुधा त्या दिवशी सांगत नाहीत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लेखी येतो. तो पूर्ण अनुकूल, अंशतः अनुकूल किंवा प्रतिकूल असू शकतो. अंशतः अनुकूल म्हणजे बरेचदा अपंगत्वाची सुरुवात आपण सांगितल्यापेक्षा नंतरची धरलेली असते आणि त्याने थकबाकी कमी होते. एसएसडीआयमध्ये अपंगत्व सुरू झाल्यापासून पहिल्या ५ पूर्ण महिन्यांचे पैसे मिळत नाहीत आणि थकबाकी अर्जाच्या आधीच्या जास्तीत जास्त १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. लाभाचा हक्क सुरू झाल्यापासून २४ महिन्यांनी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा लागू होतो. सुनावणीची वाट पाहण्यातच तेवढा काळ गेला असेल, तर मेडिकेअर लगेचही मिळू शकते.

निकाल विरोधात गेला तर पुन्हा नवा अर्ज करावा का?

घाईने करू नये. प्रतिकूल निकालानंतर ६० दिवसांत सोशल सिक्युरिटीच्याच अपील्स कौन्सिलकडे दाद मागता येते आणि तेथेही यश आले नाही तर केंद्रीय जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. या दोन्ही ठिकाणी साक्ष नव्याने होत नाही; न्यायाधीशांनी नियम बरोबर लावले का आणि निकालाला पुरेशा पुराव्याचा आधार आहे का, हे पाहिले जाते. म्हणून जे सांगायचे आणि जे कागद द्यायचे, ते सुनावणीतच यावे लागते. कौन्सिलकडे दाद प्रलंबित असताना त्याच प्रकारच्या लाभासाठी दुसरा अर्ज सर्वसाधारणपणे घेतला जात नाही, असा नियम २०११ पासून आहे, त्यामुळे दोन्हींपैकी एक निवडावे लागते. निवडताना विमा संपण्याची ती तारीख पुन्हा काढून पाहावी. ती अजून पुढे असेल आणि प्रकृती निकालानंतर स्पष्टपणे बिघडली असेल, तर नव्या अर्जाचा विचार वकिलाशी बोलून करता येतो. ती उलटून गेली असेल, तर त्या तारखेपर्यंतचा काळ निकालात एकदा तपासला गेलेला असल्यामुळे एसएसडीआयचा नवा अर्ज बहुधा दारातच अडतो, आणि अपील हीच वाट उरते.